तपासणारीचं नाव

सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्यांची शेड आहे. तिथे रूपाली क्रेटमध्ये हात घालून उभी होती, आणि तो हात तिला बाहेर काढवत नव्हता. फळं पुसून ठेवलेली, वरून कोरडी. पण देठाच्या खोबणीत बोट फिरवलं की ओल लागत होती. तळाशी चिकटलेली दोन पानंही ओलीच होती.

"सुधाकरभाऊ, बागेत तोडा किती वाजता लावला?"

शेडचे सुपरवायझर सुधाकरभाऊ क्रेटांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. "सहाले. दुपारी गाडी निघाली पाहिजे. कायले?"

"दहिवरातला माल आहे."

"पुसला ना. तू आपले क्रेट मोज."

पुसून काय होणार होतं? दहिवर, म्हणजे पहाटेचं दव, वाळायच्या आत तोडलेल्या संत्र्याची साल तट्ट फुगलेली असते. हाताळताना सालीतलं तेल फुटतं. त्या दिवशी काही दिसत नाही, डाग दोन-तीन दिवसांनी उमटतात. केरळात पोचायला गाडीला तेवढेच दिवस लागणार होते.

चिठ्ठीवर नेहमीसारखंच होतं, 'तपासणी : सुधाकर'. चार वर्षांपूर्वी भाऊ पांढुर्ण्याला एका लग्नाला गेले होते आणि त्यांच्या नावाशिवाय व्यापारी माल घेत नव्हता. म्हणून रूपालीनं माल स्वतः पाहिला आणि नाव त्यांचं लिहिलं. माल चांगला पोचला. मग तेच चालू राहिलं. संध्याकाळी तीच बागा फिरायची, कोणता तोडा कधी लावायचा ते भाऊंना सांगायची आणि घरी बसून चिठ्ठ्या लिहायची. समोर आई, सुशीला, कागदाचे तुकडे करत बसायची. तिनं याच शेडमध्ये उभा जन्म संत्री निवडली होती.

"नाव त्याचं राहू दे," ती म्हणायची. "नजर तुही आहे, मले माहीत आहे."

रूपालीला तेवढं पुरत असे. भादव्यात आई गेली. आता ते माहीत असलेलं माणूस जगात कोणी उरलं नव्हतं. भाऊंनाही एव्हाना ती नजर आपलीच वाटू लागली असावी; आजचा तोडा त्यांनी तिला न विचारताच लावला होता.

पलीकडे व्यापाऱ्याचा माणूस कुलदीप चहा पीत होता. शेजारी मोहगावचे रघुनाथराव. माल त्यांच्याच बागेतला.

"सुधाकरभाऊची चिठ्ठी असली की मी क्रेट उघडतच नाही," कुलदीप म्हणाला. "चार साल झाले, एक डाग नाही."

रूपालीनं क्रेटवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. आपलं म्हणणं कुलदीपनं मानायला हवं असेल तर आधी त्या चिठ्ठ्या खोट्या होत्या हे सांगावं लागणार. चार वर्षं, हजारो क्रेट, सगळ्यांवर खोटं नाव, आणि अक्षर तिचं. नोकरी जाईल. सौंसरात दुसरी कोण देणार?

"कुलदीपभाऊ," ती म्हणाली, "गाडी भरू नका."

निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. "अवो, हे काय बोलून राहिली!" त्यांच्यातली मंगला पुटपुटली. "मालकीण झाली का रातोरात?"

सुधाकरभाऊ हसले. "आई गेल्यापासून पोरीचं चित्त ठिकाणावर नाही. जाय बाई, पाणी पी."

ती वळलीसुद्धा. माठापर्यंत चार पावलं होती, त्यातली दोन ती चालली. मग तिथेच थांबून, पाठमोरीच बोलली.

"चार वर्षांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. माल मी पाहिला. आजचा तेवढा भाऊंनी पाहिला."

कुलदीपनं कप खाली ठेवला. "मतलब, नाव खोटं?"

"हो."

"भाऊ?"

"लिहायचं काम तिचं," सुधाकरभाऊ म्हणाले. "पाहणं माझं."

"मग सांगा," कुलदीप म्हणाला, "मागच्या हप्त्यात लोधीखेड्याची बाग तीन दिवस उशिरा का तोडली?"

भाऊंनी तोंड उघडलं आणि रूपालीकडे पाहिलं. सवयच होती ती. कोणी असं काही विचारलं की ते तिच्याकडे पाहत आणि ती हळूच सांगे. आज ती वळलीच नाही. भाऊ पाहतच राहिले, आणि त्यांचं ते पाहणं सगळ्या शेडनं पाहिलं.

"माल इथेच ठेवा," कुलदीप म्हणाला. "परवा डाग पाहू. आणि ताई, डाग नाही आले तर चार सालांची गोष्ट मी वर सांगणार. आले तरी सांगणार."

रघुनाथराव उठले. "माह्या पिकाशी खेळ नको पोरी. डाग नाही आले तं मी तुह्या दारात येऊन बसीन."

"या, काका," ती म्हणाली. डाग आले नाहीत तर? दहिवर कमीच पडलं असेल तर? एखाद्या वेळी बोटच चुकलं असेल तर?

रघुनाथराव दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी सुधाकरभाऊंकडे पाहिलं नाही, कुलदीपकडेही नाही.

"अर्धी बाग राहिली आहे. उद्या माणसं किती वाजता लावू?"

सगळी शेड तिच्या तोंडाकडे पाहत होती. आजवर या प्रश्नाचं उत्तर तिनं कुणाच्या तरी कानातच दिलं होतं.

"दहाच्या आधी नको," ती मोठ्यानं म्हणाली. "मी येऊन पाहीन, मगच हात लावा."