आधी कोण उतरलं

“रोज नवव्या मजल्यावर लोंबकळतोस तू. याहून आभाळाच्या जवळ आणखी कुठं जाणार? आणि देव सापडला म्हणे तुला खाली, पत्र्याच्या छपराखाली! वर असता तर आधी मला दिसला नसता का?”

“तू बोलायचा थांबलास तर तो काही बोलेल ना,” रंगारी म्हणाला.

बडबड्या एवढा हसला, की त्याच्या बुडाखालची फळी झोके खाऊ लागली. एकाच भिंतीवर, दोन दोरांना टांगलेल्या दोन फळ्यांवर, दोघे शेजारी शेजारी बसले होते. खाली रस्ता होता, रस्त्यावर मुंगीएवढी माणसं होती, आणि मुंग्यांना वर पाहायला सवड नव्हती. खरं तर रंगारी दोघेही होते. पण एकाला तोंडावरून नाव मिळालं, म्हणून दुसऱ्याला हातावरून मिळालं.

“मग ठरलं का?” बडबड्याने रोलर बादलीत बुडवला.

“काय?”

“काय म्हणे! कोणाच्या मागून पाण्यात जाणार ते.”

रंगारी खिडकीच्या कडेने रोलर फिरवत राहिला. येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत होती. नवा माणूस पाण्याकडे एकटा जात नसे. मंडळीतल्या कोणीतरी त्याचा हात धरायचा, त्याच्यापुढे चालायचं, कुंडाच्या पायऱ्या आधी आपण उतरायच्या, आणि मग त्याला बोलवायचं. त्या दिवसापुरतंच नव्हे. पुढे आयुष्यभर, शंका आली, दुःख आलं, प्रार्थनेला शब्द सुचेनात, तर त्याच माणसाचं दार ठोठावायचं. पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, सांगितलं होतं, “हात कोणाचा धरायचा ते आम्ही सांगत नाही. ज्याच्या मागून चालावंसं वाटतं, तो तुम्ही निवडा.”

“मीच धरतो तुझा हात,” बडबड्या म्हणाला. “सांग तुझ्या पाळकांना.”

“मंडळीतलाच लागतो.”

“बघा! अर्ध्या जन्माच्या गाठी माझ्या, आणि हात दुसऱ्याचा.”

हे तो थट्टेत बोलला. पण हसला नाही, हे रंगाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं.

जेवण करून दोघे पुन्हा गच्चीवर चढले. पुढच्या पट्ट्यासाठी दोर सरकवायचे होते. गाठी बडबड्याच मारायचा, पहिल्या दिवसापासून. त्यांच्या धंद्यात एक कायदा होता, कुठे लिहिलेला नसला तरी मोडलेला कोणी पाहिला नव्हता. ज्याने गाठ मारली, त्याने आधी वजन टाकायचं. कठड्यावर उभं राहून “पक्की आहे रे, जा तू” म्हणणाऱ्याच्या गाठीवर कोणी बसत नसे. बांधणाऱ्याने आधी स्वतः लोंबायचं, दोर करकरला की ऐकायचं, आणि खालून हाक द्यायची.

बडबड्या कठड्यापलीकडे गेला. दोर ताणला, करकरला, शांत झाला.

“ये,” तो म्हणाला.

एवढाच एक शब्द तो दिवसभरात एकटा बोलायचा, मागेपुढे काही न जोडता. त्या शब्दावर रंगारी अर्धा जन्म कठडा ओलांडत आला होता.

*

मंडळीतल्या नावाजलेल्या वक्त्यांना भेटायला रंगारी त्याच संध्याकाळी गेला.

बायको गेली त्या वर्षी, सुन्न होऊन रस्त्याने चालताना, एका मोठ्या सभागृहातून त्यांचा आवाज त्याच्या कानावर आला होता. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. मेंढपाळ काट्यांतून, दरीतून कसा शोधत गेला, ते असं सांगत होते की जणू आत्ताच त्याच्या पायातला काटा काढून आले आहेत. रंगारी दारातच उभा राहिला होता. येशूचं नाव त्याने आधीही ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते नाव त्याला शोधत आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून वक्त्यांबद्दल त्याच्या मनात ऋण होतं.

वक्त्यांनी त्याला प्रेमाने बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं.

“अहो, आनंदाने धरीन तुमचा हात,” ते म्हणाले. “माझ्यामागे या. कुठे अडखळू देणार नाही तुम्हाला.”

“तुम्ही कधी अडखळलात का हो?”

वक्ते विचारात पडले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

“नाही,” ते सावकाश म्हणाले. “देवाची कृपा. आई-वडील विश्वासातले होते. लहानपणापासून मला कधी शंका आली नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावर गर्व नव्हता. सपाट रस्त्यावर वाढलेल्या भल्या माणसाचा तो चेहरा होता. रंगाऱ्याने दोन्ही हात जोडले, विचार करून सांगतो म्हणाला, आणि निघाला.

घरी लेक वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावरही तिची तपासणी थांबत नसे.

“काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

“मग हो म्हणा ना तुम्हीपण. बाबा, मला तुमचं सगळं पटतं असं नाही. पण आई गेल्यावर दोन वर्षं या घरात नुसते भांड्यांचे आवाज होते, आणि आता तुम्ही भांडी घासताना गुणगुणता. तेवढं मला पुरे. जायचंच आहे तर मोठ्या माणसाचा हात धरा. उद्या बडबडेकाका सोडून गेले, तर कामही मिळवून देतील.”

“तो कशाला सोडून जातोय?”

लेकीने लाल पेन खाली ठेवलं. “बाबा, तुम्हाला भिंतीचा पोपडा लांबून दिसतो. माणसाचा दिसत नाही.”

*

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी काढून तो इस्पितळात गेला.

त्या जिन्याची प्रत्येक पायरी त्याच्या ओळखीची होती. वरच्या वॉर्डात सिस्टर खाटेवरची चादर बदलत होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चालताना पांढऱ्या बुटांचा चुटुक-चुटुक आवाज करणारी. त्याच्या बायकोचे शेवटचे महिने हिच्याच हातांत गेले होते. त्या महिन्यांत देवाबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं. ती त्या मंडळीतली आहे, हे त्याला फार उशिरा, तिला तिथल्या बाकावर पाहिल्यावर कळलं.

“दुसरं टोक धरा,” त्याला बघताच ती म्हणाली. “बोलायचं ते चादर ताणता ताणता बोला.”

त्याने टोक धरलं, आणि बोलला.

तिचे हात थांबले. “माझा हात? नको, दादा. वक्त्यांचा धरा.”

“का?”

“कारण मलाच धड दिसत नाही.” तिने आवाज खाली आणला. “माणसं बरी होऊन जातात तेव्हा मला देव दिसतो. पण या खाटा किती वेळा अशाच रिकाम्या झाल्या. तुमच्या बाईंची रिकामी झाली, तेव्हा कितीतरी दिवस मला प्रार्थना करता आली नाही. नुसती गुडघ्यांवर बसायचे. भिंतीकडे बघायचे. असल्या माणसाच्या मागं कोणी जातं का?”

रंगारी चादरीचा कोपरा गादीखाली खोचत राहिला. मग म्हणाला, “तुम्हाला ते यंत्र आठवतं? बोगद्यासारखं?”

तिला आठवत होतं. त्याच्या बायकोला त्यात झोपवायचं होतं आणि ती दाराची चौकट सोडायला तयार नव्हती. ‘जिवंतपणी पुरू नका मला,’ म्हणत होती. डॉक्टरांनी समजावलं, त्याने समजावलं, लेक रडली. सिस्टर काहीच बोलली नाही. तिने टोपी काढून खुर्चीवर ठेवली, त्या फळीवर चढून उताणी झोपली, आणि यंत्रवाल्याला म्हणाली, “घ्या मला आत.” पांढरे बूट तेवढे बाहेर दिसत राहिले. मग ती सरकत बाहेर आली, केस सारखे केले आणि म्हणाली, “जाऊन आले, ताई. अंधार आहे, पण वाट आहे. आता तुम्ही या.”

आणि बायको आत गेली होती, सिस्टरचा हात धरून. त्या रात्री, कित्येक दिवसांनी, तिने उशीला टेकून आपल्याच मनाची एक ओवी म्हटली होती:

पुढं चालतं ते कोण, त्याच्या टाचेला गं धूळ,
मागं चालते मी बाई, माझ्या जिवाला गं बळ.

“तेव्हा तुम्हाला भीती नव्हती वाटली?” रंगाऱ्याने विचारलं.

“वाटली की! मला लिफ्टमध्येसुद्धा गुदमरतं.”

“झालं तर मग.” तो हसला. एरवी दोन शब्दांत आटपणारा तो आज थांबला नाही. “आमच्या धंद्यात गाठ मारणारा आधी लोंबतो, सिस्टर. गाठ टिकेल याची शंभर टक्के खात्री त्यालाही नसते. खात्री असती तर आधी उतरायची गरजच काय? वक्ते चांगले आहेत. त्यांचं बोलणं ऐकून मी दारात आलो. पण त्यांना कधी लोंबावंच लागलं नाही. तुम्ही लोंबलात. आणि प्रार्थना येत नव्हती तरी गुडघ्यांवर बसत राहिलात, म्हणजे दोर काही सोडला नाहीत.”

सिस्टरने डोळ्यांना पदर लावावा, तर अंगावर गणवेश होता. तिने चादरीचंच टोक लावलं.

“मी नाही, दादा. मी आपली मागनंच चालणारी,” ती म्हणाली. “येशू आधी उतरला. देव असून वर कठड्यावर उभा राहिला नाही. जन्माला आला, घाबरला, रात्रभर घाम फुटेपर्यंत रडला, आणि शेवटी मरणात उतरला. तिथून ‘ये’ म्हणतो, म्हणून माझं पाऊल उचलतं. बाकी मला काही समजत नाही.”

“मलाही तेवढंच समजलंय,” रंगारी म्हणाला. “म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

तिने चादरीचं डोळे पुसलेलं टोक पाहिलं, जीभ चावली. “चला, आता ही परत बदलावी लागणार. धरा ते टोक.”

*

“सिस्टर?” बडबड्या म्हणाला. शनिवारची संध्याकाळ होती, आणि भिंतीच्या पायथ्याशी दोघे दोर गुंडाळत होते. “ती ठेंगणी?”

“हो.”

बडबड्या दोराचं वेटोळं आवळत राहिला. तो गप्प बसलेला पाहून कोपऱ्यावरचा चहावालाही वळून बघायला लागला.

“तू देव बदललास, त्याचं मला काही नाही,” शेवटी तो म्हणाला. “देव काय, वरून सगळी छपरं सारखीच दिसतात. पण एक सांगतो. वहिनी इस्पितळात होत्या ना, तेव्हा मी रोज यायचो.”

“कुठं? मला तर दिसला नाहीस.”

“फाटकापर्यंत. आत पाऊल टाकवेना. तो वास आला की पाय लाकडासारखे व्हायचे. मी! पंधराव्या मजल्यावरून शिट्टी वाजवत उतरणारा माणूस!” तो दोराच्या वेटोळ्याकडे बघत बोलत होता. “जन्मभर मी आधी उतरलो आणि तुला हाक दिली. आणि जिथं खरं उतरायचं होतं, तिथं मी फाटकाशी उभा. तिथं ती बाई उतरली. तू बरोबर माणूस निवडलास. म्हणूनच मला तुझ्या शेजारी बसवत नाही आता.”

“अरे वेड्या, मी कधी काही म्हणालो का?”

“नाही म्हणालास. हाच तर तुझा त्रास आहे. शिव्या दिल्या असत्यास तर फिटलं असतं.”

“मग देतो.”

“आता दिल्यास तर धर्मात नापास होशील.” बडबड्या हसला, आणि हसता हसता त्याने डोळे बाहीला पुसले. “नदीपलीकडं गिरणीच्या धुराड्याचं काम निघालंय. सोमवारपासून तिकडं जातो. थांबवू नकोस.”

रंगाऱ्याच्या मनात आलं, की उद्याचं पुढे ढकलावं. पाळक नाही म्हणाले नसते. एका वाक्यात हा माणूस राहिला असता, पुन्हा शेजारची फळी हलली असती. पण आपण खरं पाऊल मागे घेतलं आणि मित्र त्या खोटेपणावर थांबला, तर दोघांचं वजन कशावर राहणार?

“थांबवत नाही,” तो म्हणाला. “पण तुझ्यासाठी रोज मागणार आहे. ते तू थांबवू नकोस.”

“मागायचंच तर गुडघ्यांसाठी माग. कुरकुरतात,” बडबड्या म्हणाला, आणि आपला दोर खांद्यावर टाकून निघाला.

*

रविवारी सिस्टर पुढे चालली. कुंडाच्या पायऱ्या आधी ती उतरली, पाणी तिच्या कमरेला लागलं, आणि तिने वळून हात पुढे केला. तिचा हात थंड होता. रंगाऱ्याने तो घट्ट धरला. पाळकांनी नावं घेतली, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं. पाणी डोक्यावरून गेलं. वर आला तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसली ती मागच्या बाकावर बसलेली लेक. पर्स छातीशी धरून, पावसात सापडल्यासारखी भिजलेल्या डोळ्यांची. आणि तिच्या दोन बाकं पुढे वक्ते, सगळ्यांत मोठ्याने गात होते.

सोमवारी त्याने स्वतः गाठी मारल्या, स्वतः आधी वजन टाकलं, आणि उतरला. नवा जोडीदार बुधवारी येणार होता. ऊन कोवळं होतं, अंगात एक हलकेपणा होता, आणि रोलर भिंतीवर सरळ चालत होता.

दोघे शेजारी शेजारी रंगवतात, तेव्हा दोन पट्टे मधोमध मिळतात. ओल्यात ओलं मिळालं तर भिंत एकसंध दिसते. एक बाजू आधी वाळली, तर तिथे रेघ राहते. रंगाऱ्याने डावीकडचा पट्टा संपवला, वर चढून दोर सरकवला, आणि उजवीकडून झपाझप हात मारत मध्यावर आला. तोवर डावी बाजू वाळली होती.

त्याने बोटाने चाचपून पाहिलं. बडबड्याचा पट्टा जिथे येऊन मिळायचा, तिथे बारीक रेघ होती. खालून कोणाला दिसली नसती. वरून आणखी एक हात मारून ती झाकताही आली असती.

त्याने ती तशीच राहू दिली, बादली हुकाला अडकवली, आणि खालच्या मजल्यावर उतरला.