कुणापैकी

निमोण्यापलीकडच्या एका वस्तीवर सारजाबाईंचा मोठा लौकिक होता. नवं माणूस दिसलं की तीन प्रश्नांत त्या त्याची जात काढीत. आडनाव, माहेर, मामाचं गाव. चौथ्याची वेळ सहसा येत नसे. यात काही वाईट आहे असं त्यांना वाटत नव्हतं, वस्तीलाही नाही. उलट सोयरीक जुळवताना लोक त्यांनाच विचारायला येत.

१९७४ सालच्या मार्गशीर्षात, सकाळी नऊच्या सुमारास, त्या दारात बसल्या होत्या. आत सून सिंधू पहाटेपासून अडली होती. मुलगा ज्ञानदेव उपकेंद्रातून नर्सला घेऊन आला. जुनी नर्स माहितीतली, पण तिची बदली झालेली. ही नवी, आडनाव गायकवाड.

गायकवाड तर साऱ्याच जातींत सापडतात. सारजाबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"मायेर कुठलं म्हनायचं, बाई?"

"दौंड. पाणमोट कधी फुटली तिची?"

"दौंडात कुनापैकी?"

"मी नर्स आहे, मावशी. रक्त किती गेलंय?"

दोघी विचारत होत्या आणि उत्तर कुणालाच मिळत नव्हतं. दौंड पडलं रेल्वेचं गाव, तिथं चहूकडची माणसं, त्यावरून काही उलगडेना. पाणमोट कधी फुटली हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, सात गावांची आडनावं मात्र पाठ होती. ही बाई आधी शिरूरला नोकरीला होती, म्हणून सारजाबाईंनी ज्ञानदेवाला सायकलवर तिथल्या हौसरावमामांकडे पिटाळलं. नर्स मागून धावली, येताना दवाखान्याची गाडी आणा म्हणाली. त्यानं आईकडे पाहिलं.

"आदी तेवढं इचारून ये," आई म्हणाली.

दहा वाजले, अकरा वाजले. आतलं कण्हणं बारीक होत चाललं. नर्सनं आपली जात आजवर कुणाला सांगितली नव्हती. बाळंतिणीला हात लावायला जात लागते, हेच तिला मान्य नव्हतं. पण आता तिनं हात जोडले.

"तुम्ही म्हणाल त्या जातीची मी. आत सोडा मला."

या बोलण्यानं सारजाबाईंचा संशय पक्काच झाला. आपली जात दुसऱ्यावर सोडणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाराला कण्हणं थांबलं. तेव्हा त्यांनी काही न विचारता वाट सोडली. नर्सनं नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला आणि सिंधूच्या तोंडावर पांघरूण ओढलं. मूलही पोटातच गेलं होतं.

ज्ञानदेव एक वाजता परतला. ज्या गावात डॉक्टर होता, गाडी होती, तिथं जाऊन हा बाप्या एक आडनाव उलगडून आला.

मृत्यूच्या कागदावर नर्सनं कारण लिहिलं, 'दारात जातीची चौकशी, तीन तास.' असं कारण यादीत नाही, यादीतलं लिहा, असा शेरा मारून वरून कागद परत आला. तिनं तेच पुन्हा लिहिलं. कागद तीनदा परत आला आणि तीनदा तिनं तेच लिहून पाठवलं.

ज्ञानदेवानं शिरूरहून काय उत्तर आणलं, ते मी सांगणार नाही. इथवर वाचताना ते कळावंसं ज्याला वाटलं, तोही त्या सकाळी सारजाबाईंच्या शेजारी दार अडवून बसला होता.