शनिवार-रविवारची गोळी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे गहिनीनाथमामांना, कुणी काही सांगितलं की त्यात स्वतःची भर घातल्याशिवाय चैन पडत नाही. जामखेडच्या दुकानदारानं कपाशीला एक पुडी फवारा म्हटलं की हे दीड फवारणार. सासूबाईंच्या गोळीचंही तेच झालं.

सासूबाई रतनबाई, मी त्यांना आत्या म्हणते. लहानपणीच्या कसल्याशा तापानं त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली. ठोके वेडेवाकडे पडायला लागले, चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली, तेव्हा नगरच्या डॉक्टर आसिफ यांनी एक बारीक गोळी सुरू केली. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार गोळीला सुट्टी. द्यायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. त्याचं आम्हाला इतकं कौतुक, की त्या दोन दिवसांचं काय होतं हे कुणी पाहिलंच नाही.

काही महिन्यांनी आत्यांचं जेवण तुटलं. भाकरीचा वास नको, सारखी मळमळ. एका सकाळी मला म्हणाल्या, "राजेश्वरी, दुधात हळद कशापायी घातली?" दूध पांढरंशुभ्र होतं. त्यांना भिंतीही पिवळ्या दिसत होत्या आणि मामांची टोपीही.

काविळीत सगळं पिवळं दिसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग डॉक्टर कशाला? मामा त्यांना शेजारच्या गावी मच्छिंद्रबुवांकडे घेऊन गेले. बुवांनी डोक्यावर काड्यांची माळ ठेवली. ती वाढत वाढत गळ्यात आली की कावीळ उतरली, असा हिशेब. माळ गळ्यात आली, तेल-तिखट बंद झालं, उसाचा रस सुरू झाला, आणि आत्या न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडल्या.

नगरला पोचेपर्यंत त्यांचे हात गार झाले होते. डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. मी घाईघाईनं सांगितलं, "कावीळ झालीय, त्यांना सगळं पिवळं दिसतंय." डॉक्टरांनी आत्यांची पापणी खाली ओढली. डोळा स्वच्छ पांढरा होता. आत्यांना पिवळं दिसतंय म्हणून आम्ही गावभर सांगत सुटलो होतो; त्या स्वतः पिवळ्या पडल्यात का, हे एकानंही पाहिलं नव्हतं. माझा मलाच संताप आला.

"गोळी कशी देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज एक," मामा छाती काढून म्हणाले. "एक दिस चुकवली न्हाई."

"शनिवार-रविवारी?"

"काळजाला कुटं सुट्टी असती, डाक्टरसाहेब?"

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, "तुमच्या बांधावर पिवळी कण्हेर असते ना, तिच्यात असतं तशाच जातीचं हे विष आहे, परदेशी फुलझाडातून काढलेलं. बेतानं दिलं तर दमलेलं हृदय सावरतं, धावणारे ठोके आवरतात. जरा वाढलं की आधी मळमळ होते, सगळं पिवळं दिसतं, मग तेच हृदय थांबवतं. मध्ये अंतर फार थोडं. साठलेलं उतरावं म्हणून सुट्टी दिली होती. यावर उतारा निघालाय, मेंढ्यांना हेच टोचून त्यांच्या रक्तातून काढतात, पण आपल्याकडे सहसा मिळत नाही."

कण्हेर खाऊन मेलेली शेळी मामांनी पाहिलेली होती. ते तिथंच खाली बसले.

गळ्याजवळून हृदयापर्यंत घातलेल्या, विजेचे हलके ठोके देणाऱ्या एका तारेच्या आधारावर आत्यांचं हृदय काही दिवस चाललं, मग आपलं आपण चालू लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली, आता अर्धी आणि सुट्टी पाळून. तिच्याशिवाय भागणार नव्हतं.

मामांनी डबीला हात लावला नाही. "मी माज्या हातानं इख देनार न्हाई. तू दे," असं मला म्हणाले. मी घेऊन गेले तर आत्यांनी तोंड मिटलं. "त्यांनीच द्यायची." दोघं असे हट्टाला पेटले आणि मी मध्ये. आत्यांच्या पायांवर सूज चढली, आडवं झालं की जीव घाबरायचा म्हणून त्या बसल्या बसल्याच झोपू लागल्या. शेवटी माझा तोल गेला. "मामा, तुमच्या पश्चात्तापापायी त्यांचा जीव जाईल," मी म्हणाले. सुनेनं असं बोलू नये, पण बोलले.

मामा उठले. गोळी मोडून अर्धी केली, पाण्याचा तांब्या घेतला. आत्यांसमोर उभे राहून म्हणाले, "तुला माजं भ्या न्हाई वाटत?"

"डाक्टरांनी सुट्टी सांगितली तवा मीबी तितंच बसले हुते," आत्या म्हणाल्या.

मामांनी विचारलं, "मंग घेत का हुतीस?"

"लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा तुमी माज्याफुडं पानी घिऊन हुबं ऱ्हायला. न्हाई कशी म्हनू?"

मामांचे डोळे वाहू लागले, आणि माझेही.

"आता म्हनीन," आत्या म्हणाल्या. "चुकलात तर तोंडावर सांगीन. द्या."

आणि त्यांनी हात पुढे केला.