बदली वेरळकर

बिल्ला पितळेचा, झिजून गुळगुळीत झालेला. त्यावर गिरणीचा शिक्का आणि ४१७ हा आकडा, नाव नाहीच. असतं तर बरं झालं असतं का... निलेशने तो पुन्हा खिशात टाकला. रविवारची दुपार, डिलाईल रोडवरची गावमंडळाची खोली, भिंतीला लागून ट्रंका, समोर चिटणीस दीपक आणि दीपकपुढे ती यादी — यंदाच्या शिमग्यात देवाची पालखी गावात कुणाकुणाच्या दारी जायची, त्याची.

"वेरळकर हे आडनाव आपल्या गावात नाहीच रे," दीपक तिसऱ्यांदा म्हणाला.

नाहीच. मला काय माहीत नाही? आम्ही मूळचे राऊळ. आजोबा, रामदास राऊळ, गिरणीत लागले ते बदलीवर — वेरळकर नावाचा कुणी आजारी पडून त्याच्या गावी गेला, त्याचं कार्ड, त्याचा बिल्ला, त्याची मागावरची जागा, आणि माणसं भरणारा जॉबर म्हणाला, हजेरीला नाव पुकारलं की ओ द्यायची, बस. महिन्याभरापुरतं. पुढे बत्तीस वर्षं ओ दिली. मुलाचं शाळेत वेरळकर, रेशनकार्डावर वेरळकर, लग्नपत्रिकेत वेरळकर, आणि या उसन्या आडनावाचा जाच मात्र सगळा निलेशच्या वाट्याला. बँकेतला साहेब गोड आवाजात विचारणार, "वेरळकर म्हणजे आमच्यातलेच का?" हिंदमाताचा साडीवाला म्हणणार, वेरळचे का, माझी मावशी तिथलीच, शेजारच्या मीनाक्षीताई तर ठरवूनच बसलेल्या की हे लोक मासे खात नसणार. ज्याला त्याला यात आपलं माणूस सापडतं. वीट आला. आणि जिथं खरोखर आपलं म्हणायला हवं, त्या गावात हौसेनं नवं घर बांधलं तर दारावरच्या पाटीनंच पालखी अडवली. घरी वडील, कुशाबा, ऐंशीचे, धाप लागलेले, त्यांचा एकच धोशा... एकदा माझ्या दारात पालखी नाचू दे. पुढच्या शिमग्याचा भरवसा ते स्वतःच देत नाहीत.

"मग लिहून दे ना," दीपक म्हणाला. "सगळं लिही. कार्ड कुणाचं, कसं मिळालं. गावचे मानकरी विचारणारच — तो खरा वेरळकर परत नाही आला?"

हे निलेशला कधी सुचलंच नव्हतं. चिडूनच त्याने घरी फोन लावला आणि वडिलांना तेच विचारलं.

"इल्लो," कुशाबा म्हणाले. "बरो होवन इल्लो. गेटार उभो रवलो. माझ्या बाबान वळख नाय दाखवल्यान. आयेन मागसून सांगल्यान माका... ह्या तू लिवू नको."

"मग पालखीचं काय, बाबा?"

फोन बंद झाला.

दीपकने सरकवलेल्या कागदावर 'माझे आजोबा रामदास राऊळ' इथवर लिहून झालं होतं. ज्या आडनावाला मी जन्मभर शिव्या घातल्या, ते घेऊन तो माणूस गेटाबाहेर उभा — आणि आत त्याचंच नाव पुकारतायत, आणि आतून कुणीतरी ओ देतंय... नंतर कुठे गेला असेल, त्याला कुणी नाव विचारलं असेल तेव्हा काय सांगितलं असेल. दीपक यादीवर पेन आपटत होता. सकाळपासून साठवलेला राग निलेशने शोधून पाहिला, कुणावर काढावा ते कळेना.

"वेरळकर," दारातून कुणीतरी हाक मारली, "चहा घेणार ना?"

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, ओ देण्याआधी, त्याने मागे वळून पाहिलं.