त्रेचाळीसचा ठसा

"तीन आठवडे झालेत घेऊन," लेगेट म्हणाला आणि तंबाखू ओढायचा तडकलेला पाईप त्याने आमच्या कारखान्याच्या खिडकीतून आत सरकवला. "तुमचा दुकानदार म्हणतो, बापाचा जुना पाईप आणून फुकटात नवा मागतोस. चार माणसांत लबाड ठरवलं मला."

लेगेट मालवाहू जहाजावर भट्टीत कोळसा टाकायचा, आणि संध्याकाळी त्याचं जहाज लंडनच्या गोदीतून सुटणार होतं. मुकादम गार्स्टनने पाईप उलटा करून त्याच्या नाकासमोर धरला. दांडीखाली ४१ हा अंक होता. आमच्या प्रत्येक पाईपवर बनवल्याचं वर्ष ठोकलेलं असे, आणि वर्षाच्या आत तडकला तर बदली नवा, हा आमचा शब्द होता. आता १९४३ चा मार्च चालू होता.

"आकडे वाचता येतात ना?" गार्स्टन म्हणाला.

मी चार हात अंतरावर बसून पाईपांना झिलई देत होते. शेजारी पिनॉक, एकतीस वर्षं अंक ठोकणारा माणूस. आम्ही बाया त्याला कॅलेंडर म्हणून चिडवायचो आणि तो कधी हसायचा नाही. खरं काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पाईप ज्या झुडपाच्या मुळापासून होतात, ती मुळं लढाईमुळे अल्जीरियाहून यायची बंद झाली होती. मिळेल ते लाकूड, तेही ओलं, घाईघाईत सुकवून आम्ही कोरत होतो. ते तडकणार हे शेंबडं पोरही सांगेल. बदली द्यायला लाकूड आणायचं कुठून? म्हणून गार्स्टनने गेल्या वर्षी हुकूम काढला होता की, ठसा ४१ चाच मारायचा. पाईप दुकानात पोचायच्या आधीच त्याची मुदत संपलेली असायची.

त्या हुकमानंतरही पिनॉक ठोकत राहिला. करतो काय? घर बॉम्बनं गेल्यापासून तो आणि त्याची आंधळी बहीण कारखान्याच्याच आवारातल्या दोन खोल्यांत राहत होती. नोकरी गेली की खोल्याही जाणार होत्या.

लेगेट खिडकीपासून हलेना, तेव्हा गार्स्टनने पोलिसांचं नाव काढलं. पोलीस आले की जहाज चुकणार, आणि लढाईत जहाज चुकवणाऱ्याला तुरुंग होता. लेगेटचा चेहरा उतरला. त्याने फुटका पाईप परत घ्यायला हात पुढे केला. बोल ना हेटी, असं मी स्वतःला सांगत होते आणि चाकावर पाईप फिरवत होते. मी बोलले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पिनॉक उठला.

"तो अंक मी ठोकलाय," तो म्हणाला. "याच फेब्रुवारीत. लाकूड बघूनच कळतंय. माणूस खरं बोलतोय."

"पिनॉक, जागेवर बस."

"बसतोच आहे, साहेब."

तो खरंच बसला. ढिगातून त्यातल्या त्यात सुका पाईप निवडला, खणातून कधीच न वापरलेला ४३ चा ठसा काढला आणि एकच ठोका घातला. मग तो पाईप त्याने लेगेटच्या हातात ठेवला.

"पहिले आठ दिवस अर्धाच भर," तो म्हणाला.

गार्स्टनने त्याला तिथल्या तिथे एप्रन उतरवायला लावला. शनिवारी दोघं भावंडं हातगाडीवर सामान घालून निघून गेली, बहिणीने त्याचा दंड धरला होता. कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. सोमवारी त्याच्या जागी मला बसवलं. लढाई संपेपर्यंत मी ४१ ठोकत राहिले.

परवा जुने पाईप जमवणारे एक गृहस्थ घरी आले. त्या कारखान्यातली मीच तेवढी जिवंत उरले आहे म्हणे. त्यांनी टेबलावर बारा पाईप मांडले, अकरा ४१ चे आणि एक ४३ चा. अकरा अस्सल आहेत, ते म्हणाले, पण बाराव्यावर कुणीतरी बनावट ठसा मारलाय, कारण त्या कारखान्याचा ४३ चा दुसरा पाईप कुणी पाहिलेलाच नाही.

"उलट आहे," मी म्हटलं. "ते अकरा खोटे. ठसा डावीकडे कललाय ना, तो माझा हात."

त्यांना ते पटलं नाही. मी बारावा हातात घेतला. आतून तो काळाभोर झाला होता, वरची कड झिजून बसली होती आणि तोंडाकडच्या टोकावर दातांच्या खोल खुणा होत्या. एवढा ओढायला माणसाला वीस-पंचवीस वर्षं तरी लागतात.