भिंतीपलीकडचा ताप

आमच्या आरोग्य केंद्राची आणि जनावरांच्या दवाखान्याची भिंत एकच आहे. गावाचं नाव सांगत नाही. खर्ड्यापासून लांब नाही, एवढं पुरे. इकडे डॉ. पार्थ मिसाळ, तिकडे डॉ. रंगनाथ ढवळे, आणि मी ज्योती, इकडची लॅब टेक्निशियन. मिसाळ ढवळ्यांना 'ढोरडॉक्टर' म्हणायचे. ढवळे सांगायचे, की माझे पेशंट मुके असून मला त्यांचं दुखणं कळतं, त्या पोराला बोलणाऱ्यांचंही कळत नाही. हे विनोद दोघांनीही मला इतक्या वेळा ऐकवले होते, की कोण कुठे थांबून हसणार हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

वरून आदेश आला म्हणून या दोघांची आणि ग्रामपंचायतीची मिळून आरोग्य समन्वय समिती झाली. तिची दरमहा बैठक व्हायची, म्हणजे मी वही घेऊन भिंतीला वळसा घालायचे आणि सह्या आणायचे. ग्रामसेवक तर मोटारसायकलवरून उतरायचेही नाहीत. न झालेल्या बैठकीतलं चहापान आणि आभारप्रदर्शन मी वळणदार अक्षरात लिहायचे.

फेब्रुवारीत इब्राहिमला ताप सुरू झाला. वस्तीवर त्याच्या पंचवीसेक शेळ्या होत्या. संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे अंथरूण घामाने भिजायचं, कंबर जखडायची. मिसाळांनी टायफॉइडचं औषध दिलं. ताप गेला आणि परत आला. पुन्हा तेच औषध. तिसऱ्या वेळी त्याला रिक्षातून आणावं लागलं, आणि बरोबर त्याची बायको सुमैरा आली.

तिने मिसाळांना सरळ विचारलं, "साहेब, आमच्या सात शेळ्या गाभडल्या. त्याच महिन्यात ह्यांचा ताप सुरू झाला. शेजारच्या साळूबाईच्या बी शेळ्या गाभडल्या, तिलाबी ताप हाय. ह्ये एकच दुखनं न्हाई ना?"

मिसाळ हसले. शेळ्यांचं भिंतीपलीकडे विचारा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ती पलीकडे गेली. ढवळ्यांनी शेळ्यांचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि माणसाच्या तापाचं मला विचारू नका, असं सांगून तिला परत इकडे पाठवलं.

ती माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी समितीची वही बाहेर काढली. मागच्या बैठकीच्या पानावर वर ढवळ्यांची ओळ होती: वस्तीवरील शेळ्यांत गर्भपाताचे प्रमाण जास्त. खाली मिसाळांची: वस्तीवर दीर्घ तापाचे नऊ रुग्ण. दोन्ही ओळी माझ्याच हातच्या. लिहिताना मला शंका आली नव्हती असं नाही. कॉलेजात मी ब्रुसेलोसिस शिकले होते. कच्च्या दुधातून आणि शेळी विताना हाताला लागणाऱ्या घाणीतून तो माणसाला होतो. पण डॉक्टरांना शिकवायला मी कोण, असं म्हणून मी पान उलटलं होतं.

मी इब्राहिमचं रक्त घेतलं. तपासणीचं औषध ढवळ्यांच्या फ्रिजमध्ये होतं. त्यांनी लेखी पत्र मागितलं. मिसाळ म्हणाले, जनावरांच्या औषधाने माझे पेशंट तपासायचे नाहीत, आणि त्या माणसाला पत्र तर मुळीच लिहायचं नाही.

सुमैरा हे सगळं ऐकत होती. तिने आवाज चढवला नाही.

"भिंत तुमच्या दोघांच्यात हाय, साहेब," ती म्हणाली. "आमी आन् शेळ्या एकाच खोलीत निजतो."

मिसाळ कागदात डोकं घालून बसले. मी परवानगी न विचारता पलीकडे गेले. ढवळे जेवत होते. मी त्यांच्यासमोर फ्रिज उघडून बाटली घेतली. त्यांनी पाहिलं आणि भाकरी मोडली. अडवलं नाही आणि मदतही केली नाही. काचेच्या पट्टीवर इब्राहिमच्या रक्तातल्या सीरममध्ये बाटलीतला गुलाबी थेंब मिसळला, चार मिनिटांत त्यात दाणे धरले, म्हणजे ब्रुसेलोसिसच.

पट्टी पाहिल्यावर मिसाळांनी वस्तीवरच्या सगळ्या तापाच्या पेशंटांचं रक्त घ्यायला लावलं. नमुने नगरला गेले. इब्राहिम, साळूबाई आणि आणखी सात जण, सगळे तेच निघाले. त्यानंतर दोघा डॉक्टरांचं प्रेम बघण्यासारखं होतं. संयुक्त शिबिर झालं. फ्लेक्सवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी, मधे ग्रामसेवक. भाषणात मिसाळांनी ढवळ्यांना 'ज्येष्ठ सहकारी' म्हटलं आणि ढवळ्यांनी सांगितलं, की आम्हाला सुरुवातीपासून संशय होता.

सुमैराला फोटोसाठी बोलावलं, ती आली नाही. मंडपामागे मी तिला वहीतल्या त्या पानाचं सांगितलं. निदान तिच्याशी तरी खरं बोलावं असं वाटलं.

"ह्यांचं रगत घेतलं त्याच्या किती दिस आधी?" तिने विचारलं.

"सतरा."

तिने माझ्याकडे बघितलं. दोन्ही डॉक्टरांकडे तिने असंच बघितलेलं मी पाहिलं होतं. मग तिने गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली आणि दूध किती उकळायचं ते नीट विचारून घेतलं.

सहा आठवड्यांनी इब्राहिमचा ताप गेला. कंबर मात्र सुधारली नाही. त्याला आता शेळ्यांमागे चालवत नाही. तपासणीत अकरा शेळ्या बाधित निघाल्या. ढवळ्यांनी हळूच सुचवलं, की बाजारात काढून टाका, कोण विचारतंय? सुमैरा त्यांना म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात ताप इकू काय?"

शेळ्या मारून पुरायला खड्डा हवा होता. ग्रामसेवकांनी ठराव लागेल म्हणून सांगितलं. मग सुमैराने आणि साळूबाईने दोन दिवस राबून स्वतःच माळावर खड्डा खणला. ढवळ्यांना तिथे येऊन इंजेक्शनं द्यावी लागली, कारण दोघी त्यांच्या दारातून हलेनात. माती लोटायला मी गेले होते. सुमैराने मला फावडं दिलं, पण त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.