पाचशे मीटरांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. त्याआधी मी सफरचंदं वाहणाऱ्या ट्रकचा फाळका होते. ट्रक भंगारात गेला तेव्हा कफर-लौज गावच्या लोहाराने मला कापून सरळ केलं, पांढरा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिलं, ‘शिकारीस सक्त मनाई. घरांपासून पाचशे मीटर.’ मित्रांनो, फाळका असताना मला माझं काम नीट कळत होतं. सफरचंदं सांडू द्यायची नाहीत, एवढंच. पाटी झाल्यापासून मात्र जो गोंधळ उडाला आहे, तो अजून निस्तरलेला नाही.

कफर-लौज लेबनॉनच्या डोंगरात आहे. सप्टेंबरात तिथे दोन गोष्टी एकदमच येतात. उत्तरेकडून चंडोल आणि लावे येतात, आणि गच्च्यांवर किश्क येतो. किश्क म्हणजे दह्यात मुरवलेला गव्हाचा दलिया. तो चादरींवर वाळत घालायचा, तळहातांवर चोळून चोळून पीठ करायचं, चाळायचं आणि हिवाळाभर त्याचं कढण प्यायचं. त्या महिन्यात पुरुषांची नजर आभाळात असते आणि बायकांची चादरीवर.

घरांपासून पाचशे मीटरांच्या आत बंदुकीचा बार काढायचा नाही, असा नियम. गावाने ते अंतर मोजलं. गावचे अध्यक्ष शफीक यांनी आपली जीप शेवटच्या घरापाशी, विदादबाईंच्या दारात उभी केली, मीटरचा काटा पाहिला आणि रस्त्याने वर निघाले. पाचशे भरले तिथे ब्रेक दाबला. मला तिथेच रोवलं. खड्डा खुद्द शिकाऱ्यांनी खणला. त्यांचा म्होरक्या अबू नायिफ याने सिमेंट कालवलं, कुणी बदामाची मिठाई वाटली, माझ्याशेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढून घेतले. इतकं कौतुक मला ट्रकवर कधी लाभलं नव्हतं.

पण तो डोंगरातला रस्ता. विदादबाईंच्या दारातून निघतो, एक वळण घेतो, आणखी एक घेतो, मग आणखी एक, आणि फिरून बाईंच्या डोक्यावरच येऊन उभा राहतो. माझ्या अंगावर पाचशे मीटर लिहिलेलं, आणि खाली पाहावं तर त्यांची गच्ची. बाई कोंबड्यांवर ओरडत, त्यातला शब्द न् शब्द मला ऐकू येई. मी दूर होते की जवळ? अंगावर लिहिलेलं खरं मानावं की कानावर पडतं ते?

शिकारी मात्र नियमाचे पक्के. माझ्या अलीकडे एक पाऊल टाकत नसत. माझ्या पाठीशी ओळीने उभे राहत, मला बंदुका टेकवत, मारलेली पाखरं माझ्याच खिळ्याला टांगत. पाखरं दरीतून वर येत ती विदादबाईंच्या गच्चीवरून. म्हणून बंदुकांची तोंडंही तिकडेच. बार झाला की थोड्या वेळाने खाली छर्रे पडत. बाई ओरडत. वरून अबू नायिफ हात हलवी, “वहिनी, आम्ही पाटीच्या बाहेर आहोत हो!” तो बाईंच्या मरण पावलेल्या नवऱ्याचा दोस्त. दर हिवाळ्यात त्यांच्याच किश्कची पिशवी घरी नेणारा.

अशी वर्षं गेली. माझा रंग उडाला, कडा गंजल्या. मला पुसायला कुणी येईना, पण माझ्या नावाने शपथा सगळे घेत.

गेल्या सप्टेंबरात एक छर्रा विदादबाईंच्या डोळ्याच्या अगदी खाली लागला. दुसऱ्या दिवशी गालावर पट्टी आणि हातात चाळण घेऊन त्या वर आल्या. रस्त्याने नव्हे, शेतांच्या बांधांवरून सरळ चढून. दम न लागता पोचल्या. अध्यक्ष आले, शिकारी होतेच.

बाईंनी चाळण अबू नायिफच्या नाकाखाली धरली. पिठात शिशाचे काळे दाणे होते.

“भाऊजी, ह्या वर्षीचा किश्क जरा दाताखाली येईल बरं का.”

“वहिनी, खाली येताना छर्ऱ्यात जीव नसतो. तो पाऊसच समजायचा.”

“मग डॉक्टरने काय गालातून पाऊस काढला?”

एक शिकारी म्हणाला, “आम्ही नियमात आहोत. पाटी बघा.”

“पाटी तुझ्या जीपने लावली ना रे शफीक?” बाई अध्यक्षांकडे वळल्या. “मग चंडोलही जीपमध्ये बसून वळणं घेत येतात का? छर्रा सरळ येतो. तूही सरळ मोज.”

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. “मावशी, सरळ मोजलं तर पाटी वरच्या बंगल्यांच्या पलीकडे जाते. मग त्या बंगल्यांपासून परत मोजावं लागेल.”

ते बंगले ब्राझीलला गेलेल्यांचे. ऑगस्टात उघडतात, सप्टेंबरात कुलूप.

“ती काय घरं आहेत?” अबू नायिफ उसळला. “चूल नाही पेटत तिथे! ती धरली तर मग आम्ही समुद्रात उभं राहून शिकार करायची!”

“ऑगस्टात त्यांच्याकडे जेवायला जाता तेव्हा बरी घरं असतात,” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. अबू नायिफही हसला. पण बाई हसल्या नाहीत. “उद्या सकाळी माझ्या गच्चीवर येऊन बसा. पाऊसच आहे ना? मग भिजा माझ्याबरोबर.”

तो गेला. मी वरून पाहत होते. डोक्याला टोपी, समोर कॉफी, चादरीच्या कडेला मांडी घालून तो किश्क चोळू लागला आणि त्याचेच दोस्त माझ्यामागे उभे राहिले. पहिले दाणे पडले तेव्हा त्याने टोपी झटकली आणि काहीतरी थट्टा केली. मग एक चंडोल फार खालून आला. कुणीतरी बंदूक खाली रोखून बार काढला. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. अबू नायिफने बाईंना खांदा धरून आडवं पाडलं, आणि पाण्याने चिखल होत चाललेल्या किश्कमध्ये दोघं तशीच पडून राहिली.

त्याच दुपारी तो पहार घेऊन आला. स्वतः ओतलेलं सिमेंट स्वतःच फोडून त्याने मला उपटलं. “ही खोटी आहे,” एवढंच म्हणाला.

मला फार बरं वाटलं. आता मला खऱ्या जागी लावतील, असं वाटलं. पण खरी जागा कोणती, यावर बैठक बसली. मग दुसरी बसली. बंगले मोजायचे की नाही, हेच ठरेना. मी विदादबाईंच्या अंगणात भिंतीला टेकून राहिले. आणि मित्रांनो, तेवढ्यात जे झालं ते माझ्या डोक्यात अजूनही शिरत नाही. शिकारी रस्त्यावरून खाली उतरले, पार बांधांपर्यंत आले. पाटीच नाही, तर मनाई कसली, असं म्हणू लागले. खोटी होते तेव्हा मी थोडं तरी अडवत होते. खरेपणासाठी काढली, तर तेवढंही गेलं.

अबू नायिफ त्यांच्याशी भांडला. त्यांनी त्याला म्हातारा म्हटलं. तो आता पलीकडच्या माळावर एकटाच जातो.

जाण्याआधी त्याने एक काम केलं. गच्चीवर खांब उभे करून मला त्यांवर आडवं बांधलं. आता विदादबाई माझ्याखाली बसून किश्क चोळतात. छर्रे माझ्या पाठीवर पडतात. माझी लाल अक्षरं आभाळाकडे तोंड करून आहेत. ती वाचायला पाखरांशिवाय कुणी नाही, आणि पाखरांना काही मनाई नव्हती.

मित्रांनो, मी पाटी आहे की छप्पर, हे मला सांगता येणार नाही. पण तुमच्या गावात कधी असं अंतर मोजायची वेळ आली, तर गाडीत बसून मोजू नका. आधी त्या गच्चीवर जा. तिथे कोण बसलं आहे ते बघा, त्यांच्या शेजारी बसा, आणि मोजायला तिथून सुरुवात करा. माझ्यासारखीला मग कुठेही रोवा, मी उन्हापावसात उभी राहीन. फक्त एखाद्या बाईला स्वतःच्या गच्चीवर माझ्याआड बसायला लावू नका.